आला का गं तो?

डिसेंबरात आमच्याकडे आठ वाजायला आले तरी सूर्य वर येत नाही, आणि दुपारी सव्वाचार-साडेचारला गेलेला असतो. आम्ही सिॲटलच्या उत्तरेला बॉथेलला राहतो. त्या दिवसांत मी सातच्या आधी उठते, ओट्यावरचा छोटा दिवा लावते आणि रात्री आत आणून ठेवलेला फीडर, म्हणजे पाखरासाठी टांगायची साखरपाण्याची बाटली, कोमट पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं उभा करते. मग जॅकेट चढवून, पायात मिळेल ते सरकवून डेकवर जायचं आणि अंधारातच तो हुकला अडकवायचा. कारण ज्याच्यासाठी हे सगळं, तो सूर्याची वाट बघत नाही. नुसतं फटफटलं, झाडांचे शेंडे आभाळापासून वेगळे दिसायला लागले की तो हजर असतो.

तेव्हा वाईला रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. आई जेवून, मागचं दार लावून फोन घेऊन बसलेली असते. मी उचलला की ती आधी माझी चौकशी करत नाही, नातीचीही नाही. पहिला प्रश्न ठरलेला. "आला का गं तो?"

तो म्हणजे हमिंगबर्ड. ॲनाज हमिंगबर्ड, आमच्या भागात बारा महिने राहणारा. पाठ हिरवी, पोट राखाडी, आणि नराच्या डोक्यावर नि गळ्यावर जो गुलाबी-लाल रंग आहे ना, तो पिसांत कुठला रंगद्रव्याचा लाल नाहीच, पिसांच्या आतल्या बारीक थरांवरून प्रकाश परत येतो त्याचा तो खेळ आहे. त्यामुळे बाजूने बघितलं तर तो काळपट, मळकट दिसतो आणि मान जराशी वळवली की एकदम अंगार. वजन चार-साडेचार ग्रॅम. इथलं पाच सेंटचं नाणं बरोबर ५ ग्रॅमचं असतं. मी एकदा लेकीच्या तळहातावर ते ठेवलं आणि म्हटलं, ह्याच्याहून हलका आहे तो. ती कितीतरी वेळ तो हात तसाच धरून उभी होती.

आम्ही ह्या घरात आलो तेव्हा मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. कुंपणापलीकडच्या आजीबाईंच्या अंगणात लाल बुडाची एक बाटली लटकत होती, तिच्यापाशी काहीतरी भुर्रकन यायचं आणि जायचं. मला पहिल्यांदा वाटलं आपला शिंजीर. वाईला आमच्या अंगणात जास्वंदीवर, पपईच्या फुलांवर जांभळा शिंजीर यायचा, तसाच बारका, तशीच बाकदार चोच, असं वाटलं. पण शिंजीर फुलाच्या देठावर बसतो, लटकतो, मान वाकडी करून रस पितो. हा बसलाच नाही. हवेत एका जागी उभा राहिला, प्याला, आणि मग चक्क मागे सरकला. उलटा उडाला! मी हातातलं धुणं तसंच धरून बघत राहिले.

नंतर कळलं की शिंजीर आणि हमिंगबर्ड ह्यांचं नातं काहीच नाही. दोघेही फुलांतल्या मधावर जगायला शिकले, म्हणून दिसायला सारखे झाले, इतकंच. हमिंगबर्डचं खरं भावकीतलं पाखरू म्हणजे पाकोळी. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. पाकोळ्या म्हणजे कृष्णेच्या घाटावर देवळांच्या छताखाली घरटी करणाऱ्या, संध्याकाळी किंचाळत गोल गोल फिरणाऱ्या काळ्या पाकोळ्या! पण पाय बघ म्हटलं. पाकोळीला जमिनीवर धड चालता येत नाही, ह्यालाही नाही, फांदीवर बसण्यापुरते पाय. बाकी सगळं आयुष्य पंखांवर.

"मग आपल्याकडे का नाही हा?" आईने विचारलं. आज ह्यांच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि सगळ्याच्या सगळ्या अमेरिका खंडांत, अलास्कापासून पार खाली दक्षिण टोकापर्यंत. बाकी जगात एकही नाही. पण गेराल्ड मायर नावाच्या शास्त्रज्ञाला जर्मनीत ह्यांचे जीवाश्म सापडले, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे, ते त्याने २००४ साली जगासमोर आणले. म्हणजे तिकडे होते कधीतरी, मग गेले. आई म्हणाली, "जागा सोडली त्यांनी." वाडा रिकामा झाला की आमच्याकडे म्हणतात तसं.

आता खायला घालण्याचं सांगते, कारण त्यात मी चुकलेय आणि दुसऱ्या कुणी चुकू नये असं मनापासून वाटतं.

पहिल्या वर्षी मी दुकानातून फीडर आणला आणि त्याच्याच शेजारी लाल रंगाचं तयार पाणी मिळत होतं तेही आणलं. लाल म्हणजे त्यांना आवडणार असा हिशोब. आजीबाईंनी कुंपणावरून बघितलं आणि काही न बोलता घरात गेल्या, मला वाटलं रागावल्या, तर त्या साखरेचा डबा आणि एक मेजरिंग कप घेऊन आल्या. चार कप पाणी, एक कप साधी पांढरी साखर. बस. ढवळायचं, हवं तर उकळी आणायची, पूर्ण गार करायचं. रंग नको. फीडरचं बूड लाल आहे ना, तेवढं पुरतं त्यांना ओळखायला, आणि एकदा जागा कळली की त्यांना लालचीही गरज नसते, ती जागा त्यांच्या डोक्यात राहते.

हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, साखर कशाला देतेस, गूळ दे की. चांगला सेंद्रिय गूळ मिळतो आता तुमच्याकडेही. नाहीतर मध दे. तिचं चूक नव्हतं, आम्हाला लहानपणापासून तिने साखरेपासून लांब ठेवलेलं, चहातसुद्धा गूळ. पण इथे उलटं आहे. फुलातला जो रस असतो तो मुख्यतः साखरच, साधारण पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकी, म्हणून चारास एक. गुळात, ब्राउन शुगरमध्ये लोह आणि बाकीचं जे आपल्याला चांगलं ते ह्या एवढ्याशा जीवाला जड. मध पाण्यात कालवला की आंबतो, बुरशी धरतो आणि ती बुरशी पाखराच्या जिभेला होते. पिठीसाखरही नको, तिच्यात कॉर्नस्टार्च असतो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. प्रत्येकाचं पथ्य वेगळं." त्यानंतर तिने गुळाचं नाव काढलं नाही.

जिभेचं तर एक वेगळंच आहे. वर्षानुवर्षं लोकांना वाटायचं की त्यांच्या जिभेत बारीक नळ्या आहेत आणि रस आपोआप वर चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. २०११ साली अलेहान्द्रो रिको-ग्वेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा ह्या दोघांनी दाखवलं की तसं नाही, जिभेचं टोक दुभंगतं, रसात शिरल्यावर दोन्ही कडा उघडतात आणि बाहेर येताना मिटून रस आत पकडतात. ते रिको-ग्वेव्हारा आता इथेच, आमच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये आहेत. हे वाचल्यापासून मी जेव्हा त्याला पिताना बघते तेव्हा मला त्या न दिसणाऱ्या जिभेची उघडझाप आठवते, एका सेकंदात दहा-पंधरा वेळा. लेकीला मात्र बाटलीतले बुडबुडे आवडतात. तो प्याला की आतून एक बुडबुडा वर जातो. ती मोजते.

जून २०२१ मध्ये इथे जी गरमीची लाट आली ती कोण विसरेल, २८ जूनला सिॲटलला ४२ डिग्री झालं होतं आणि आमच्यासारख्या बऱ्याच घरांत एसी नव्हता. आम्ही तिघं बेसमेंटमध्ये ओले टॉवेल घेऊन पडलेलो आणि मी फीडर विसरले. पूर्ण विसरले. चौथ्या दिवशी बघितलं तर पाणी गढूळ, भोकांच्या कडांना काळी बुरशी, आणि मादी येऊन समोर थांबत होती, चोच न बुडवता जात होती. मला फार लागलं ते. साध्या दिवसांत दोन-तीन दिवसांनी आणि एवढ्या उन्हात रोज पाणी बदलायला हवं, गरम पाण्याने आणि बाटलीच्या ब्रशने प्रत्येक भोक घासून. ज्याला हे जमणार नाही त्याने फीडर लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, फुलझाड लावावं. घाणेरड्या फीडरपेक्षा फीडर नसलेला केव्हाही बरा.

पण मला ज्या दिवसाबद्दल लिहायचं होतं तो हा नाही, तो त्याच वर्षीच्या डिसेंबरातला.

ख्रिसमसच्या वेळी बर्फ पडला आणि नंतरचे काही दिवस पारा शून्याच्या खालीच राहिला, पहाटे उणे सात-आठपर्यंत. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जरा उशिरा गोठतं पण गोठतंच. मी सुट्टी म्हणून उशिरा उठले, काचेतून बघितलं तर बाटलीतलं पाणी पांढरं, घट्ट, आणि बुडाच्या कडेवर तो बसलेला. अंग फुगवून गोळा झालेला, चोच वर, डोळे मिटलेले. मी दार उघडलं तरी हलला नाही. मला वाटलं गेला.

आजीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या हात लावू नको, झोपलाय तो. ही झोप आपल्यासारखी नव्हे. इतक्या छोट्या देहाला रात्रभर अंग गरम ठेवायला पुरेल एवढं इंधन साठवता येत नाही, आणि आमच्याकडे त्या दिवसांत रात्र पंधरा-साडेपंधरा तासांची. म्हणून ते अंगातली उष्णता सोडून देतात, अंग खूप गार होऊ देतात, मिनिटाला शेकड्यांनी धडधडणारं काळीज अगदी हळू होतं, आणि सकाळी स्वतःच थरथरून परत तापतात. इंग्रजीत टॉर्पर म्हणतात. त्यातून बाहेर यायला वीसेक मिनिटं लागू शकतात, आणि बाहेर आल्या आल्या काहीतरी पोटात पडायला लागतं. लगेच. त्या वेळी बाहेर सगळं गोठलेलं असेल तर?

मी धावत साखर-पाणी केलं, पाखराला चटका बसू नये म्हणून बोट बुडवून बुडवून बघत गार केलं, दुसऱ्या जुन्या फीडरमध्ये भरलं आणि तो हातात धरून त्याच्यापासून हातभरावर उभी राहिले. नवऱ्याने मागून खांद्यावर ब्लँकेट टाकलं. किती वेळ गेला माहीत नाही. आधी त्याच्या पाठीवरची पिसं हलली, मग सगळं अंग बारीक कापायला लागलं, मग एक डोळा उघडला. काळा, मोहरीएवढा. आणि मग तो उठला आणि माझ्या हातातल्या फीडरवर आला. इतक्या जवळ की पंखांचा वारा बोटांना लागला. प्याला, थांबला, परत प्याला.

त्या सकाळपर्यंत फीडर माझ्यासाठी होता, खरं सांगायचं तर. मला बघायला मजा यायची, फोटो काढायला मिळायचे. त्या सकाळी मला कळलं की मी कुणालातरी पान मांडून बसवलंय.

ॲनाज इथला मूळचा नाहीच. शंभर वर्षांपूर्वी तो दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याच्या खालच्या बाहा कॅलिफोर्नियाकडचा पक्षी होता. लोकांनी बागांत परदेशातली फुलझाडं लावली, निलगिरी लावली, फीडर टांगले, तसतसा तो किनाऱ्याने वर वर सरकत आला, सिॲटल ओलांडून कॅनडात गेला, २०१७ साली व्हँकुव्हरने तर त्याला शहराचा पक्षी म्हणून जाहीर केलं. म्हणजे आपण बोलावलं म्हणून तो थंडीत इथे राहिला. रानातली फुलं आणि बारीक किडेही तो शोधतो, नुसता आपल्यावर अवलंबून आहे असं नाही. पण कडक थंडीच्या त्या चार-पाच सकाळी बोलावणाऱ्याने तरी जागं असायला हवं.

आता मी रात्री फीडर आत आणते, पहाटे लावते. फार थंडी असेल तर बाटलीभोवती माळ गुंडाळते. आधी दिवाळीची माळ गुंडाळली होती, पण ती एलईडीची, तिला ऊबच नाही. आजीबाईंनी त्यांच्याकडची जुनी, तारेच्या दिव्यांची ख्रिसमसची माळ दिली, ती हाताला कोमट लागते, पाणी गोठू देत नाही. अंधारात डेकवर तेवढाच एक पिवळा उजेड असतो.

आणि झाडं लावली. बाटली म्हणजे शेवटी बाटली. महोनिया लावली, तिचे पिवळे तुरे नोव्हेंबर-डिसेंबरात फुलतात, बाकी सगळं झोपलेलं असताना, म्हणून ती सगळ्यात आधी. लाल फुलांचं करंट नावाचं झुडूप इथलं रानातलंच, ते मार्चमध्ये फुलतं, आणि बरोबर त्याच सुमारास मेक्सिकोकडून रूफस हमिंगबर्ड येतात, तांबूस, भयंकर भांडकुदळ, त्यातले काही पार अलास्कापर्यंत जातात आणि उन्हाळा उलटायच्या आत परतीला लागतात. फ्युशिया, क्रोकोस्मिया, साल्व्हिया उन्हाळ्याला. औषध कशावरच मारत नाही, कारण नुसत्या गोडावर ते जगत नाहीत, चिलटं आणि बारके कोळी हे त्यांचं खरं जेवण, पिल्लांना तर त्याशिवाय चालतच नाही. आणि फीडर दोन ठेवते, एक पुढे एक मागे, एकमेकांच्या नजरेआड. एकच ठेवला तर एक नर फांदीवर बसून दिवसभर राखण करतो, दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देत नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये आई आली. सहा महिन्यांसाठी. सकाळी शाल घेऊन डेकवर बसायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "अगं हा तर भुंगा." आवाज तसाच, घुंऽऽ. मग दोन-तीन दिवसांत तिने तिची खुर्ची महोनियाच्या बाजूला सरकवून घेतली आणि मला बातम्या द्यायला लागली. केळ्याच्या साली एका वाडग्यात कोपऱ्यात ठेवायची, चिलटं धरावीत म्हणून. नर उंच, दहा मजले असतील इतका वर जायचा आणि दगडासारखा खाली यायचा, तळाला एकदम 'चिक!' तो आवाज गळ्यातून येत नाही, शेपटीच्या पिसांतून वारा जातो त्याचा येतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "कुणासाठी एवढं?" आणि मग तिनेच बघितलं, झुडपात मादी बसलेली.

एक दिवस मी झाडू घेऊन डेकच्या कठड्याखालची जळमटं काढायला गेले तर आई ओरडली. "थांब! तिची आहेत ती." तिने सकाळी बघितलं होतं, मादी आली, कोळ्याचं जाळं चोचीने ओढून घेतलं, छातीला फासलं आणि मेपलच्या फांदीकडे गेली. मला लगेच वाईचं घर आठवलं. सोप्यात वायरीला शिंजिराने घरटं केलं होतं, लोंबतं, त्यालाही जळमटंच लागतात, आणि त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आईने तो कोपरा कुणाला झाडू दिला नव्हता. आत्या नाव ठेवून गेली होती, पाहुण्यांदेखत जळमटं म्हणून. आई काही बोलली नव्हती.

तर आमच्या डेकवर जळमटं राहिली. घरटं अर्ध्या लिंबाएवढं, बाहेरून दगडफुलासारखी लायकेन चिकटवलेली, की फांदीचीच गाठ वाटावी. आम्ही जवळ गेलो नाही, दुर्बिणीतून बघायचो. दोन अंडी. दोन आठवड्यांच्या वर ती बसली, मग पिल्लं, मग दिवसभर ये-जा. जाळ्याचा धागा ताणतो म्हणून पिल्लं वाढतात तसं घरटंही मोठं होत जातं. नर एकदाही आला नाही, त्यांच्यात येतच नाही.

"एकटीच करते होय सगळं," आई म्हणाली. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आठवड्यातल्या चार रात्री मुक्कामी गाडीवर. आई पुढे काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. दोघी बघत बसलो.

एका सकाळी घरट्यात एकच पिल्लू होतं. आदल्या दिवशी 'जे' नावाचा निळा, पिल्लं पळवणारा पक्षी त्या झाडावर घिरट्या घालत होता. आई दिवसभर जेवली नाही नीट. उरलेलं मात्र मोठं झालं, कडेवर बसून पंख फडफडवायचं, आणि एका दुपारी आईच्या समोर उडालं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. तिने दारावर टकटक केलं, मी म्यूट केलं, ती फक्त म्हणाली, "गेलं हं." डोळे भरलेले.

ह्या थंडीत आजीबाई नाहीत, मुलाकडे ॲरिझोनाला राहायला गेल्या. जाताना त्यांचा फीडर मला देऊन गेल्या, आता मी तीन भरते. रोज येणारा नर तोच आहे की दुसरा, हे मला सांगता येत नाही. आई म्हणते तोच.

परवा खूप धुकं होतं. सात वाजून गेले, फटफटलं, तो नाही. आई फोनवर होती, मीही काही बोलत नव्हते. मग महोनियाच्या तुऱ्यातून ते ओळखीचं टिक-टिक ऐकू आलं. तो फुलांवर होता, एकेक पिवळं फूल करत करत वर आला, कठड्यावरून सरळ बाटलीकडे. मी फोन काचेला टेकवून धरला.

तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग अगदी हळू, समोर बसलेल्याला म्हणावं तसं, "घे रे बाबा."

बाटलीतून एक बुडबुडा वर गेला.